शिष्यवृत्ति कीं नादारी?

आमच्या आजोबांच्या काळीं शाळांमध्यें फीच्या बाबतींत दोन प्रकारची सवलत असे. एकीचें नांव शिष्यवृत्ति व दुसरीचें नादारी. शिष्यवृत्ति परीक्षेंत वरचे गुण मिळविणाऱ्यास लाभे. ती आपण मिळविली असें तो अभिमानानें सांगे आणि तसें सांगण्याचा त्यास अधिकारही होता. नादारीची गोष्ट निराळी. ज्याच्या घरीं फी भरण्याचें सामर्थ्य नाहीं त्यानें तसा अर्ज करावा आणि चालकांनीं ती माफ करावी, एवढाच तो व्यवहार. त्या अर्जांत स्वतःची स्तुति लिहून भागत नसे. आपणांजवळ भरावयास कांहीं नाहीं, हीच त्यांतील मुख्य गोष्ट असे. आतां नादारी हा शब्द मागें पडत चालला आहे. परंतु ख्रिस्ती धर्माचा गाभा विद्यार्थ्यांस समजावून देण्यास याहून सोपा दृष्टान्त आम्हांस सुचत नाहीं. देवानें येशू ख्रिस्ताच्या द्वारें मनुष्यास देऊं केलेलें तारण ही शिष्यवृत्ति नव्हे, ती नादारी आहे. आणि ख्रिस्ती मंडळींत आजवर जें खोटें शिक्षण शिरलें, त्यांतील पुष्कळशाचें मूळ एकच आहे: नादारीची शिष्यवृत्ति करूं पाहण्याची मनुष्याची खोड.

पुढें जाण्यापूर्वीं एक गोष्ट स्पष्ट करणें अवश्य आहे. आमच्या शाळेंत निरनिराळ्या धर्मांचीं मुलें एका बांकावर बसतात आणि ह्या अंकाचे वाचकही तसेच आहेत. कोणाच्या श्रद्धेंतील उणें काढण्याचा आमचा हेतु नाहीं. खोट्या शिक्षणाविषयीं सावध राहण्याचा जो उपदेश नव्या करारांत ठिकठिकाणीं आढळतो, तो मंडळीच्या बाहेरील लोकांस केलेला नसून आंतल्यांस केलेला आहे. तेव्हां हा लेख म्हणजे ख्रिस्ती म्हणविणाऱ्या आम्हीं आपल्याच घराची केलेली झाडलोट होय, असें वाचकांनीं समजावें.

ह्या विषयावर सर्वांत जळजळीत असें लिखाण कोणतें असेल तर तें पौलानें गलतीकरांस लिहिलेलें पत्र. गलतिया हा आशिया मायनरमधील, म्हणजे हल्लींच्या तुर्कस्तानांतील, रोमन साम्राज्याचा एक प्रांत होता. पत्राचा काळ इसवी सनाच्या पहिल्या शतकाचा मध्य होय. पौलाची रीत अशी कीं, पत्राच्या आरंभीं तो वाचकांबद्दल देवाचे आभार मानतो. करिंथ येथील मंडळींत तट पडले होते, अनीति माजली होती, तरीही त्यांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत त्यानें ही रीत सोडली नाहीं. गलतीकरांस मात्र आभाराचा एक शब्दही न लिहितां तो एकदम आपलें आश्चर्य व दुःख व्यक्त करूं लागतो. करिंथकरांच्या उघड पापांनीं जें झालें नाहीं, तें गलतियांत असें काय घडलें होतें?

तेथें कांहीं उपदेशक आले होते. ते ख्रिस्तास नाकारीत नव्हते, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. ख्रिस्तावर विश्वास ठेविलात हें चांगलें झालें. परंतु तेवढ्यानें भागणार नाहीं, आतां सुंता करून घ्या आणि मोशेच्या नियमशास्त्रांतील विधि पाळा, म्हणजे तुम्ही पुरते देवाचे लोक व्हाल, असें त्यांचें सांगणें. दिसावयास ही एक लहानशी पुरवणी. पौलास नियमशास्त्राचा तिटकारा होता असेंही नाहीं. रोमकरांस लिहितांना तो त्यास पवित्रच म्हणतो. तरी ह्या पुरवणीस त्यानें निराळी सुवार्ता ठरविलें, आणि स्वर्गांतील दूत जरी तसें शिकवूं लागला तरी त्याचें ऐकूं नये, असें बजाविलें. त्याचा विचार असा कीं, नियम पाळून मनुष्य देवापुढें नीतिमान ठरत असेल तर ख्रिस्ताचें मरण व्यर्थ गेलें.

वाचक विचारील, एवढा आग्रह कशासाठीं? ज्याची फी माफ झाली आहे त्यानें थोडी स्वतःही भरली म्हणून काय बिघडतें? बिघडतें तें असें. ज्या क्षणीं आपण थोडें भरूं लागतों त्या क्षणीं हिशेब सुरू होतो. किती भरलें म्हणजे पुरेसें, हा प्रश्न उभा राहतो आणि त्यास उत्तर सांपडत नाहीं. जो हळव्या मनाचा असतो तो आपलें अजून पुरें झालें नाहीं म्हणून रात्रंदिवस झुरतो. जो धीट असतो तो आपलें पुरें झालें असें समजून शेजाऱ्याची वही तपासूं लागतो. एकाची शांति जाते व दुसऱ्याची नम्रता जाते. आणि दोघांचीही दृष्टि ख्रिस्तावरून उठून स्वतःवर बसते.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हता, ह्याचा पुरावा त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत आहे. अंत्युखिया नगरांत यहूदी व परजातीय विश्वासी एकत्र जेवीत असत. पेत्रही त्यांच्यांत बसून जेवी. पुढें यरुशलेमाहून याकोबाकडील कांहीं मंडळी आली, तेव्हां त्यांच्या भीतीनें पेत्र परजातीयांच्या पंगतींतून उठला. त्याचें पाहून इतर यहूदी उठले आणि बर्णबासारखा उदार मनुष्यही त्यांच्याबरोबर गेला. पेत्रानें तोंडानें कोणताही चुकीचा सिद्धान्त सांगितला नव्हता. तो फक्त एका ताटावरून उठून दुसऱ्या ताटावर जाऊन बसला. तरी पौलानें सर्वांदेखत त्यास दोष दिला, कारण हें वागणें सुवार्तेच्या सत्यास धरून नव्हतें. जेथें सर्वांचीच फी माफ झाली आहे, तेथें वेगळा बांक कोणासाठीं?

ही पंगतीची गोष्ट वाचतांना महाराष्ट्रांतील ख्रिस्ती वाचकानें मान खालीं घालावी असें आम्हांस वाटतें. पंगत म्हणजे काय, तिच्यांत कोण बसतो आणि कोणास बसूं देत नाहींत, हें आम्हांस कोणी शिकवावयास नको. आपल्या मंडळ्यांत प्रभुभोजनाच्या वेळीं एकच भाकर मोडिली जाते. परंतु मुलामुलींचा विवाह ठरवावयाचा झाला म्हणजे आजोबा-पणजोबा कोणत्या जातींतून आले, ह्याची चौकशी करणारीं घरें आपल्यांत अद्यापि आहेत. असें विचारणारा गृहस्थ रविवारीं विश्वासांगीकार बिनचूक म्हणतो. खोट्या उपदेशकांपासून सावध राहा, असें तो मुलांस सांगतोही. परंतु जन्माच्या मोठेपणाची पुरवणी त्यानें कृपेस जोडलेलीच असते, आणि अंत्युखियांतील त्या ताटावरून तोही उठलेला असतो. खोटें शिक्षण व्यासपीठावरूनच येतें असें नाहीं. तें स्वयंपाकघरांतून आणि सोयरिकीच्या बैठकींतूनही येतें.

दुसरी पुरवणी पैशाची. सोळाव्या शतकाच्या आरंभीं जर्मनींत पापाच्या दंडाची सूट देणारीं पत्रें विकलीं जात होतीं आणि त्या पैशांतील भाग रोम येथील संत पेत्राच्या मंदिराच्या बांधकामाकडे जात होता. मार्टिन ल्यूथर ह्यानें ३१ ऑक्टोबर १५१७ रोजीं आपलीं ९५ विधानें पुढें मांडिलीं तीं ह्याच व्यापारावर. पुढें पश्चिमेकडील मंडळी दुभंगली आणि शतकानुशतकें कटुता राहिली. परंतु त्याच तारखेस, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजीं, औग्सबुर्ग येथें रोमन कॅथोलिक मंडळी व जागतिक ल्यूथरन संघ ह्यांनीं एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. आणि देव मनुष्यास स्वीकारतो तो आपल्या कृपेनें, मनुष्याच्या पुण्याईमुळें नव्हे, असें दोघांनीं मिळून कबूल केलें. सर्व मतभेद मिटले असें नाहीं. तरी मुळाशीं दोघांनाही हीच गोष्ट मान्य आहे, हें तरुणांनीं ध्यानांत ठेवावें आणि जुन्या भांडणाचीं शस्त्रें परजीत बसूं नये.

कारण तो व्यापार अगदींच बंद पडला आहे असें नाहीं. इतकें अर्पण करा म्हणजे इतका आशीर्वाद मिळेल, आजार गेला नाहीं तर तुमचाच विश्वास कमी पडला, असें सांगणारे उपदेशक आजही आहेत. आणि आतां तर त्यांचें भाषण मोबाइलवरून घराघरांत ऐकूं येतें. त्यांच्याही तोंडीं येशूचें नांव असतेंच. परंतु आजारी मुलाच्या उशाशीं बसलेल्या आईस, तुझा विश्वास तोकडा पडला, असें सांगणें ह्यासारखें क्रौर्य नाहीं. नादारीचा अर्ज घेऊन आलेल्या गरिबाजवळ लांच मागण्याचाच हा प्रकार आहे. आनंदानें दिलेलें दान ही उत्तम गोष्ट आहे. देवाचा हात वळविण्यासाठीं दिलेलें दान ही लांच होय.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. सर्व कांहीं माफच असेल तर मनुष्य चांगला कां वागेल? हाच प्रश्न पौलासही विचारला गेला होता. आपल्या मोकळीकीस वासनांचें निमित्त करूं नका, असा इशारा त्यानें गलतीकरांसही दिला आहे. कृपा म्हणजे हवें तसें वागण्याचा परवाना, ही शिकवण पहिलीइतकीच खोटी आहे. नादारी मिळाली म्हणून पुस्तक मिटून ठेवणारा विद्यार्थी कृतघ्न होय. खरा विद्यार्थी अधिक मन लावून अभ्यास करितो. फी चुकती करण्यासाठीं नव्हे, तर ज्यांनीं आपणांस दार उघडलें त्यांच्याविषयींच्या प्रेमानें. इफिसकरांच्या पत्रांत हाच क्रम आहे: तारण सत्कर्मांमुळें नाहीं, परंतु सत्कर्मांसाठीं आहे.

ह्याचें उदाहरण आपल्याच भूमींत झालें. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) ह्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वाँटेज येथें झाला. तेथील भगिनींचे उपकार त्या कधींही विसरल्या नाहींत. तथापि केवळ मंडळी सांगते म्हणून एखादें मत मान्य करावें, हें त्यांच्या बुद्धीस पटेना, आणि आपल्या शंका त्यांनीं पत्रांतून निर्भीडपणें मांडिल्या. बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं त्यांस कळून आलें कीं, आपण ख्रिस्ती धर्म पत्करला खरा, परंतु स्वतः ख्रिस्त आपणांस भेटला नव्हता; आपण आहों तशा त्याच्या पदरीं पडावें, एवढेंच आपणांकडून हवें होतें. हें त्यांनीं १९०७ सालच्या आपल्या आत्मनिवेदनांत सांगितलें आहे. मग त्या स्वस्थ बसल्या काय? दुष्काळांत सांपडलेल्या मुलींस व विधवांस त्यांनीं केडगांवीं मुक्तिसदनांत आणून वाढविलें. इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सबंध पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर केलें, आणि तें त्यांच्या पश्चात् १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. ज्या बाईस आपल्या तारणासाठीं कांहींही करावयाचें उरलें नव्हतें, तिनें इतरांसाठीं इतकें केलें!

तेव्हां सावध कसें राहावें? प्रेषितांच्या कृत्यांत बिरुया नगरच्या लोकांची थोर मनाचे म्हणून वाखाणणी आहे, ती ह्यासाठीं कीं, पौलासारख्याचा उपदेशही त्यांनीं मोठ्या उत्सुकतेनें ऐकिला व तो खरा आहे कीं काय हें दररोज शास्त्रांत पडताळून पाहिलें. ऐकण्याची उत्सुकता आणि पडताळण्याची सवय, दोन्हीही हव्यात. नुसती उत्सुकता असेल तर मनुष्य भोळा होतो. नुसती पडताळणी असेल तर तो कुत्सित होतो. कोणताही नवा उपदेश कानीं आला म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांनीं स्वतःस तीन प्रश्न विचारावे. ह्या उपदेशानें ख्रिस्ताचें काम पुरें ठरतें कीं अपुरें? तो ऐकून माझी पंगत रुंदावते कीं आखडते? आणि माझ्या हातून प्रेमाचीं कामें अधिक होतात कीं कमी?

हे तिन्ही प्रश्न दुसऱ्यावर रोखण्यापूर्वीं स्वतःस लावून पाहावे. मार्च महिना आला म्हणजे आम्ही सर्व गुणांचा हिशेब करूं लागतों, आणि शाळेंत तो केलाच पाहिजे. आम्ही शिक्षक तुमच्या उत्तरपत्रिका तपासतों. त्यांत दयामाया करितां येत नाहीं. परंतु जो विद्यार्थी ह्या वर्षीं नापास होईल, जो निकालाच्या दिवशीं घरीं जावयास भिईल, त्यास आम्ही हें सांगूं इच्छितों कीं, देवाच्या दारीं गुणपत्रिका मागत नाहींत. आणि जो पहिला येईल त्यासही तेंच सांगावयाचें आहे. त्या दारीं दोघांनींही एकच अर्ज करावयाचा असतो, आणि तो मंजूर झाल्यावर एकाच पंगतींत बसावयाचें असतें.