पदक उरले, माणूस हरवला

रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. घरात निजानीज झालेली असते आणि संगणकाच्या पडद्यावर एक काळा क्रूस झळकत असतो. लोखंडाचा गाभा, भोवती चांदीची कड, खालच्या भुजेवर १९१४ हा सन. शेजारी लिलावाची मुदत सेकंदासेकंदाने सरत असते. पाहणारा श्वास रोखून बसलेला असतो. शेवटच्या काही क्षणांत बोली लावायची, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला किंमत चढवायला अवसर उरत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक झालेले असते. तो अमेरिकेतील निवृत्त शिक्षक असेल, ब्रिटनमधील कारकून असेल किंवा जर्मनीतीलच एखादा विद्यार्थी असेल. इतिहासाची आवड आणि जर्मन लष्करी पदकांचा संग्रह, हा या मंडळींना जोडणारा धागा.

छंद म्हणून यात वावगे काही नाही. जुनी नाणी, तिकिटे, हस्तलिखिते जमवणाऱ्यांनी इतिहासाची मोठी सेवा केली आहे. जर्मन पदकांचाही इतिहास तसाच रंजक आहे. नेपोलियनविरुद्धच्या युद्धासाठी प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्हेल्म याने १८१३ साली ब्रेस्लाऊ येथे 'आयर्न क्रॉस' स्थापन केला. हे शहर आज पोलंडमध्ये असून त्याला व्रोत्सवाफ म्हणतात. राजाने पदकाच्या स्थापनेची तारीख घातली १० मार्च, म्हणजे आपल्या दिवंगत राणीचा, लुईझेचा जन्मदिवस. त्याला अंतिम रूप दिले ते कार्ल फ्रीडरिश शिंकेल या विख्यात वास्तुशिल्पज्ञाने. त्यापूर्वी मानसन्मान हुद्दा पाहून दिले जात. हे पदक साध्या शिपायालाही मिळू शकत होते. आणि धातू कोणता, तर सोने नाही, रुपे नाही, लोखंड! त्याच वर्षी प्रशियाच्या राजघराण्यातील स्त्रियांनी केलेल्या आवाहनाला प्रतिसाद देऊन अनेक गृहिणींनी सोन्याचे दागिने युद्धकार्यासाठी दिले आणि बदल्यात लोखंडाचे अलंकार घातले. लोखंड हे त्यागाचे लेणे ठरले, ते असे.

पुढे १८७०, १९१४ आणि १९३९ साली हेच पदक नव्याने सुरू झाले. पहिल्या महायुद्धात त्याचा दुसरा वर्ग सुमारे ५० लाख जणांना मिळाला. त्यागाचे दुर्मीळ चिन्ह अशा रीतीने घराघरांत पोहोचले, आणि म्हणूनच आज ते बाजारातही विपुल आहे.

डोळस हात, आंधळी नजर

या संग्राहकांचा अभ्यास पाहिला म्हणजे थक्क व्हायला होते. पदकाच्या पुढच्या बाजूपेक्षा मागची बाजू ते अधिक निरखतात. टाचणी कशी बसवली आहे, बिजागरी कोणत्या घडणीची आहे, निर्मात्याचा क्रमांक कुठे ठोकला आहे, याची छायाचित्रे ते शेकड्यांनी साठवतात आणि एकमेकांशी ताडून पाहतात. गाभा लोखंडाचा आहे ना, हे लोहचुंबकाने तपासतात. फितीवर अतिनील प्रकाश टाकतात. धागा लख्ख चमकला तर तो युद्धोत्तर काळातला असण्याचा संशय बळावतो. बाजारात बनावट माल इतका आहे, की या दक्षतेवाचून गत्यंतर नाही. युद्ध संपल्यावर जुन्याच साच्यांतून पुन्हा पदके पाडली गेली आणि ती अस्सल म्हणून खपली. त्यामुळेच 'वस्तू विकत घ्या, गोष्ट विकत घेऊ नका' हा या व्यवहारातला पहिला धडा मानला जातो.

फसवणूक टाळण्यासाठी हा धडा शहाणपणाचाच आहे. परंतु त्याचा नकळत होणारा परिणाम असा, की गोष्टच नजरेआड होते. बोट एका चित्रावरून दुसऱ्या चित्रावर, एका किमतीवरून दुसऱ्या किमतीवर जात राहते. तासाभरात दोनशे पदके डोळ्यांखालून जातात. दोनशे माणसांपैकी एकाचेही नाव मात्र कळलेले नसते. पाहण्याचा वेग वाढला की विचाराचा वेग मंदावतो. इतिहासाचे प्रेम म्हणून सुरू झालेली ही भटकंती केव्हा धातूची पारख होऊन बसते, हे त्या भटकणाऱ्यालाही कळत नाही.

एका पदकाची कहाणी

ही नजर काय गमावते, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ४ ऑगस्ट १९१८ रोजी एका साध्या निरोप्या शिपायाला आयर्न क्रॉसचा प्रथम वर्ग मिळाला. त्या हुद्द्याच्या माणसाला हा मान क्वचितच मिळे. त्या शिपायाचे नाव ॲडॉल्फ हिटलर. त्याची शिफारस करणारा अधिकारी होता ह्यूगो गुटमान, आणि तो ज्यू होता. गुटमानच्या स्वतःच्या छातीवरही तेच पदक होते. हिटलर ते पदक अखेरपर्यंत मिरवत राहिला. गुटमानला मात्र १९३७ मध्ये गेस्टापोने अटक केली. सुटका झाल्यावर त्याने देश सोडला आणि अखेर अमेरिका गाठली.

गुटमान एकटा नव्हता. पहिल्या महायुद्धात सुमारे १ लाख ज्यू जर्मनीच्या बाजूने लढले आणि त्यांपैकी सुमारे १२ हजार मृत्युमुखी पडले. १९३३ च्या एप्रिलमध्ये ज्यूंना सरकारी नोकरीतून काढण्याचा कायदा झाला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्या आग्रहाने आघाडीवर लढलेल्यांना वगळण्यात आले. १९३४ मध्ये युद्धाच्या स्मरणार्थ दिलेला सन्मान-क्रूस ज्यू सैनिकांनाही मिळाला. अनेकांना वाटले, हे पदक आपले रक्षण करील. १९३५ मध्ये ती सवलत काढून घेण्यात आली. २० जानेवारी १९४२ रोजी वानझे येथे ज्यूंच्या संहाराची आखणी करण्यास उच्चाधिकारी जमले. तेथे ठरले, की प्रथम वर्गाचा आयर्न क्रॉस मिळवलेल्या ज्यूंना थेरेझीनस्टाट येथे पाठवावे. पदकाची किंमत एवढीच, की मरणाकडे नेणारी वाट थोडी लांबली. थेरेझीनस्टाटहून पुढे ऑशवित्झकडे गाड्या जातच होत्या.

आता पुन्हा त्या पडद्याकडे पाहा. १९१४ सालचा एक आयर्न क्रॉस, 'उत्तम स्थितीत'. तो कोणाचा होता? बव्हेरियातल्या शेतकऱ्याचा, की बर्लिनमधल्या त्या ज्यू डॉक्टरचा, ज्याने शेवटच्या दिवशी तो मुद्दाम कोटावर लावला असेल? लोहचुंबक याचे उत्तर देऊ शकत नाही.

दुर्मिळतेचा सापळा

बाजाराचा नियम साधा आहे. जे थोडे, ते महाग. जे महाग, त्यामागे धाव अधिक. पण पदकांच्या बाबतीत हा नियम भयंकर ठिकाणी नेऊन सोडतो. ३० जानेवारी १९४४ रोजी नाझी राजवटीने 'टोळीविरोधी लढ्या'चे एक चिन्ह सुरू केले. अनेक फणांच्या सर्पावर रोवलेली तलवार, अशी त्याची आकृती. २० दिवसांच्या लढ्यासाठी कांस्य, ५० दिवसांसाठी रौप्य, १०० दिवसांसाठी सुवर्ण. संग्राहकांत त्याला मोठी मागणी आहे. पण या 'टोळ्या' कोण? पक्षपाती सैनिक तर होतेच. त्यांना आश्रय दिल्याच्या संशयावरून जाळलेली खेडीही त्याच हिशेबात धरली जात. बेलारूसमधील खातिन या गावी २२ मार्च १९४३ रोजी १४९ गावकऱ्यांना जाळून आणि गोळ्या घालून ठार करण्यात आले. त्यांत ७५ मुले होती. असल्या मोहिमांतील दिवसांच्या गणतीवर जे चिन्ह मिळे, त्याच्या सुबक घडणीचे कौतुक करताना बोट क्षणभर तरी थबकायला नको काय?

उलट, स्वस्तात मिळणाऱ्या एका पदकाकडे पाहा. १९४१-४२ च्या रशियातील हिवाळ्यासाठी दिलेल्या पदकाला खुद्द सैनिक 'गोठलेल्या मांसाचे पदक' म्हणत. राजवटीने केलेला गौरव आणि शिपायाच्या तोंडचा कडवट विनोद, यांतले अंतर हाच खरा इतिहास. १९३८ च्या डिसेंबरात 'जर्मन मातेचा सन्मान-क्रूस' निघाला. चार मुलांना कांस्य, सहांना रौप्य, आठांना सुवर्ण. तो मिळण्यासाठी आई-वडील दोघेही 'जर्मन रक्ताचे' असावे लागत. मातृत्वाचा सन्मान ऐकायला किती मंगल वाटतो! त्यामागचा हेतू मात्र आईच्या कुशीकडे सैन्यभरतीचे केंद्र म्हणून पाहण्याचा होता.

जर्मनीने काय केले?

ज्या देशाची ही पदके, त्या देशाने या वारशाशी कसा व्यवहार केला, हे पाहण्यासारखे आहे. युद्धानंतर बारा वर्षांनी, २६ जुलै १९५७ रोजी, पश्चिम जर्मनीने कायदा करून माजी सैनिकांना त्यांची पदके लावण्याची मुभा दिली. अट एकच, नाझी चिन्ह काढून टाकलेले असावे. आयर्न क्रॉसच्या मध्यभागी त्या चिन्हाच्या जागी ओकची पाने आली. शिपायाचे धैर्य मान्य, राजवटीची खूण अमान्य, असा तो विवेक होता. नाझी चिन्हांचे जाहीर प्रदर्शन जर्मन दंडसंहितेच्या ८६अ या कलमान्वये आजही गुन्हा आहे. शिक्षण, संशोधन आणि कला यांना अपवाद आहे. म्हणूनच जर्मन विक्रेते आपल्या छायाचित्रांत ते चिन्ह झाकून टाकतात.

इंटरनेटवरील लिलावांनी हा प्रश्न देशांच्या सीमांपलीकडे नेला. नाझी वस्तूंचे लिलाव फ्रान्समधून पाहता येतात, यावरून २००० साली पॅरिसच्या न्यायालयाने 'याहू' या अमेरिकन कंपनीविरुद्ध आदेश दिला. पुढच्या वर्षी 'याहू' आणि 'ईबे' या दोन्ही कंपन्यांनी अशा वस्तूंवर निर्बंध घातले. तरी व्यापार थांबला नाही, त्याने फक्त जागा बदलली. कायदा चिन्ह झाकू शकतो. पाहणाऱ्याची नजर सुधारणे त्याच्या हाती नाही.

२००८ मध्ये जर्मन सैन्यासाठी नवे शौर्यपदक ठरवण्याची वेळ आली, तेव्हा आयर्न क्रॉसच पुन्हा सुरू करावा अशी मागणी झाली. ती मान्य झाली नाही. वेगळे पदक निर्माण झाले आणि ६ जुलै २००९ रोजी अफगाणिस्तानात कर्तव्य बजावलेल्या चार सैनिकांना ते प्रथम देण्यात आले. स्वतःच्या सैनिकांचा अभिमान बाळगतानाही आपल्या इतिहासाचा हिशेब विसरायचा नसतो, याचा हा पाठ होय.

आपल्याशी याचा संबंध काय?

या बाजारात भारताशी थेट नाते सांगणारी पदकेही आहेत. नेताजी सुभाषचंद्र बोस १९४१ च्या एप्रिलमध्ये बर्लिनला पोहोचले. उत्तर आफ्रिकेत पकडल्या गेलेल्या भारतीय युद्धकैद्यांमधून तेथे भारतीय सैन्यदल उभे राहिले. या काळात, १९४२ मध्ये, 'आझाद हिंद' पदके स्थापन झाली. 'शेर-ए-हिंद', 'सरदार-ए-जंग', 'वीर-ए-हिंद' ही त्यांतील श्रेणींची नावे. ती घडवली गेली व्हिएन्नात. १९४३ च्या फेब्रुवारीत नेताजी पाणबुडीने पूर्वेकडे निघाले; हे सैनिक युरोपातच राहिले आणि युद्ध संपल्यावर कैदी म्हणून मायदेशी आणले गेले. आज त्यांची पदके जर्मन पदकांच्या यादीत एक 'विदेशी, दुर्मीळ' प्रकार म्हणून विकली जातात. ज्याच्या छातीवर ते लागले, तो पंजाबातल्या गावचा होता की कोकणातला, परतल्यावर त्याचे काय झाले, हे विक्रेत्याच्या दोन ओळींत नसते. जर्मन शिपायाच्या पदकाविषयी जी खंत मनात येते, ती आपल्या माणसाच्या पदकाविषयी दुपटीने यावी.

मग करायचे काय? छंद सोडायचा? मुळीच नाही. फक्त वाट बदलायची. एकाच सैनिकाची पदके, त्याचे वेतनपुस्तक आणि प्रमाणपत्रे एकत्र असतात, तेव्हा पुष्कळ विक्रेते ती सुटी करून विकतात, कारण तुकड्यांना भाव अधिक येतो. जाणत्या संग्राहकाने असा संच फोडू देऊ नये. नाव असलेला कागद हाती आला, तर त्या नावाचा माग काढावा. जर्मन सैनिकांच्या वैयक्तिक नोंदी सांभाळणारे बर्लिनचे जुने कार्यालय २०१९ पासून तेथील संघीय अभिलेखागाराचा भाग आहे. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या जर्मन युद्धसमाधी संस्थेच्या संकेतस्थळावर लक्षावधी मृत सैनिकांची नावे शोधता येतात. ज्या बोटाने बोली लावली, त्याच बोटाने हा शोधही घेता येतो. त्याला पैसाही लागत नाही.

आपल्या घरातील एखादा मुलगाही रात्री असाच पडद्यासमोर बसत असेल. गणवेशांचा रुबाब, पदकांची झळाळी त्याला भुरळ घालत असेल. त्याच्यावर ओरडू नये. शेजारी खुर्ची ओढून बसावे आणि एकच प्रश्न विचारावा, "बाळा, हे पदक कोणाचे होते, आणि कशासाठी मिळाले?" त्याला उत्तर येणार नाही. पण तो शोधू लागेल, आणि तेथूनच त्याचा इतिहासाचा अभ्यास सुरू होईल. शौर्य ही थोर गोष्ट आहे. परंतु ते कोणाच्या सेवेत खर्ची पडले, हे विचारल्याशिवाय त्याला वंदन करू नये. लोखंड चुंबकाला चिकटते. आपली श्रद्धा तितक्या सहजी कोणत्याही धातूला चिकटू नये, इतकेच.