पाचवे शील आणि दारूचा रोग

धम्मदीक्षेच्या वेळी आपण जे पाचवे शील ग्रहण केले, ते मोडणाऱ्या माणसाविषयी आपल्या समाजात दोन मते ऐकू येतात. एक मत म्हणते, 'दिवसभर राबणाऱ्या माणसाने रात्री थोडी घेतली तर बिघडले कोठे?' दुसरे म्हणते, 'त्याने शील मोडले, तो बौद्ध कसला? त्याचे नाव सोडा.' पहिले मत ढिलाईचे व दुसरे करारीपणाचे दिसते. परंतु दोहोंचा परिणाम एकच होतो. दोन्ही मतांची माणसे त्या माणसाला दवाखान्यात नेत नाहीत. त्याच्या घरातील बाई आणि मुले मात्र रोज दिवेलागणीला दाराकडे भयाने पाहत बसतात. प्रस्तुत लेखात मला एवढेच सांगावयाचे आहे की, दारूचे व्यसन एका मर्यादेपुढे गेले म्हणजे तो रोग होतो. हा रोग ओळखता येतो, त्यावर उपचार आहेत, आणि ते उपचार मिळविणे हा आपला कायदेशीर हक्क आहे.

प्रथम शीलाचा विचार करू. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला मद्यपानाचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत: धनाचा नाश, कलह, रोग, अपकीर्ती, निर्लज्जपणा आणि बुद्धीचा ऱ्हास. ह्या सहांपैकी एकही परलोकातला नाही. सहाही याच जन्मी, याच घरात, उघड्या डोळ्यांनी पाहता येण्याजोगे आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. आणि ज्या संविधानाच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते, त्याच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांस आळा घालण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य ठरविले आहे. सारांश, दुःख आहे, त्याला कारण आहे, आणि ते कारण दूर करण्याचा मार्ग आहे, ही जी आपली शिकवण, तीच ह्या प्रश्नाला लावावयास हवी. रोग्याला शिव्या देऊन कोणाचाही रोग आजवर बरा झालेला नाही.

आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर दारू हाताशी आहे. माडाची माडी आहे, हंगामात काजूची गावठी आहे, आणि कमी करामुळे स्वस्त पडणारी गोव्याची दारू बांद्याच्या बाजूने चोरून येते. इन्सुलीच्या नाक्यावर ती पकडल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो. चिरेखाणीवरून अंग मोडून आलेला मजूर अंगदुखीवर उतारा म्हणून घेतो. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत रिकामा बसलेला खलाशी वेळ जावा म्हणून घेतो. मुंबईची नोकरी संपवून गावी परतलेला चाकरमानी सोबत मिळावी म्हणून घेतो. लग्न असो, मयत असो, शिमगा असो, निमित्ताला तोटा नाही. ह्यांतील प्रत्येक जण व्यसनी होतो असे नाही, आणि म्हणूनच कोण रोगी झाला हे ओळखण्याची रीत प्रत्येक घराला ठाऊक असावयास पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या १० व्या आवृत्तीने व्यसनाधीनतेची सहा लक्षणे दिली आहेत. ती घरगुती भाषेत अशी सांगता येतील. पहिले, दारूची अनावर ओढ. संध्याकाळ झाली की माणूस बेचैन होतो, दुसऱ्या कशात त्याचे लक्ष लागत नाही. दुसरे, ताबा सुटणे. 'एकच घेईन' म्हणून गेलेला माणूस शुद्ध हरपेपर्यंत थांबू शकत नाही. तिसरे, न मिळाल्यास शरीराचे हाल. सकाळी हात कापतात, घाम सुटतो, मळमळते, आणि घोटभर घेतल्यावरच थांबते. चौथे, मात्रा वाढत जाणे. पूर्वी पावभर पुरत असे, आता तेवढ्याने काही होत नाही. पाचवे, इतर सर्व गोष्टी मागे पडणे; काम, मुलांची शाळा, भावकी, विहारातील वंदना सुटते आणि दिवस दारू मिळविण्यात व उतरविण्यात जातो. सहावे, नुकसान दिसत असूनही पीतच राहणे. डॉक्टरांनी यकृत बिघडल्याचे सांगितले तरी पेला खाली न ठेवणे. गेल्या वर्षभरात ह्यांपैकी तीन लक्षणे एकत्र दिसली असतील, तर तो माणूस व्यसनाधीन समजावा. २०२२ पासून लागू झालेल्या ११ व्या आवृत्तीने ही लक्षणे तीन गटांत आणली आहेत. गाभा तोच आहे.

लक्षात घ्या की, ह्या कसोटीत 'तो किती पितो' किंवा 'तो रस्त्यात पडतो काय' हे विचारलेले नाही. नियमाने कामावर जाणारा, शर्टाला इस्त्री करणारा, १४ एप्रिलला मिरवणुकीत पुढे असणारा माणूसही ह्या कसोटीत सापडू शकतो. तसेच ही कसोटी स्त्रियांनाही लागू आहे. लाजेखातर त्यांचा रोग अधिक काळ झाकला जातो, एवढाच फरक.

लक्षणे ओळखल्यावर घरचे लोक दोन उपाय हमखास करतात, आणि ते दोन्ही घातक ठरू शकतात. पहिला उपाय म्हणजे मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यावयास लावणे आणि दारू एका दिवसात तोडणे. प्रसंगी माणसाला खोलीत कोंडणे. ज्याचे शरीर दारूला सरावले आहे, त्याची दारू एकाएकी तुटली तर काही तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फेफरे येऊ शकते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊन तो नसलेली माणसे पाहू लागतो. गावात त्याला 'भूत लागले' म्हणतात व भगताला बोलावतात. वस्तुतः ही वैद्यकीय आणीबाणी असते आणि उपचाराविना तीत मृत्यूही येतो. रुग्णालयात योग्य औषधे व ब-१ जीवनसत्त्व देऊन हेच दिवस सुखरूप पार पाडता येतात. दुसरा उपाय म्हणजे कोणा वैदूने दिलेली पूड चहात किंवा आमटीत नकळत मिसळणे. अशा पुडीत पुष्कळदा डायसल्फिराम हे औषध असते. ते पोटात असताना दारू प्याल्यास छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, आणि प्राणावर बेतू शकते. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रोग्याला सांगून व त्याच्या संमतीनेच द्यावयाचे असते. पतीच्या प्रेमापोटी विष कालविण्याची पाळी कोणत्याही भगिनीवर येऊ नये.

मग मदत कोठे मागावी? आरंभ आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करावा. तेथून ओरोस येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील मानसोपचार विभागाकडे जाता येते. प्रवास शक्य नसेल तर १४४१६ हा सरकारी मानसिक आरोग्याचा दूरध्वनी व १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय दूरध्वनी, दोन्ही विनामूल्य आहेत. घरची माणसेही तेथे विचारू शकतात. निवासी उपचारांसाठी पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सर्वांना ठाऊक आहे. ते १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी, पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने सुरू केले. मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ साली स्थापिलेली कृपा फाउंडेशन ही संस्थाही ह्याच कामात आहे.

'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही संघटना ह्या सर्वांहून निराळी आहे. १९३५ साली अमेरिकेत एक शेअरदलाल व एक शस्त्रवैद्य, दोघेही दारूने बुडालेले, एकमेकांच्या आधाराने तरले, त्यातून ती निघाली. भारतात ती १९५७ पासून आहे. तेथे फी नाही, आडनाव विचारीत नाहीत, आणि जो सोडू इच्छितो त्याला ज्याने सोडली आहे तो हात देतो. ह्या संघटनेच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे, तेव्हा बौद्धाने तेथे जावे काय, असा प्रश्न उपस्थित होतो. ह्यावर माझे मत असे की, जो तो आपल्या समजुतीप्रमाणे हा आधार मानू शकतो, असे ती संघटनाच सांगते. आपण धम्म आणि संघ ह्यांचा आधार मानावा व निःशंक मनाने जावे. एकटा माणूस मोडतो, संघात तो उभा राहतो, हे आपणास कोणी नव्याने शिकवावयास नको.

उपचारांचा उपयोग होतो काय? शेजारच्या गोव्याचे उदाहरण घ्या. तेथील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, दारूने नुकसान होऊ लागले आहे परंतु पूर्ण व्यसनाधीनता आलेली नाही, अशा ३७७ पुरुषांवर एक अभ्यास झाला. तो २०१७ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीची सेवा मिळाली. उरलेल्यांना तिच्या जोडीला समुपदेशनाच्या थोड्या बैठका मिळाल्या. समुपदेशक डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसे होती. तीन महिन्यांनी विचारले, तेव्हा मागील १४ दिवस दारूला न शिवलेले पुरुष पहिल्या गटात शेकडा १८, तर दुसऱ्यात शेकडा ४२ होते. प्रशिक्षित शेजाऱ्याचे बोलणेही औषधाचे काम करते, हा ह्याचा बोध. उलट, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेली व २०१९ साली प्रसिद्ध झालेली राष्ट्रीय पाहणी सांगते की, दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलाही उपचार मिळाला आहे. उरलेले ३७ जण आपल्याच वाड्यांतून, आपल्याच घरांतून आहेत.

आता हक्कांविषयी. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ह्याने दारूच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजारात धरल्या आहेत. त्यामुळे शासकीय मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा व्यसनाधीनाचा हक्क आहे (कलम १८), आणि दारिद्र्यरेषेखालील माणसाला, कार्ड असो वा नसो, ती विनामूल्य मिळावयास हवी. त्याची माहिती गुप्त राखणे बंधनकारक आहे (कलम २३). त्याला साखळीने बांधणे निषिद्ध आहे (कलम ९५). म्हणून एखाद्या खाजगी केंद्रात माणूस ठेवण्यापूर्वी ते नोंदणीकृत आहे काय हे पाहावे. जिचा पती पिऊन मारतो वा तिच्या कमाईवर हात टाकतो, त्या भगिनीला कौटुंबिक हिंसाचार अधिनियम, २००५ खाली संरक्षणाचा व घरात राहण्याचा हुकूम मागता येतो. नवऱ्याचा रोग तिने मार खाण्याचे कारण होऊ शकत नाही. वकिलाची फी नसेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ अन्वये स्त्रियांना व अनुसूचित जातींना मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धांतील अनुसूचित जातींनाही ही मान्यता आहे. धर्म बदलला म्हणून हक्क गेला, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये.

शेवटी कुटुंब आणि विहार. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे स्त्रियांपुढे बोलताना बाबासाहेबांनी, दारू पिणाऱ्या नवऱ्याला वा मुलाला जेवू घालू नका, असे बजावले होते. त्याचा मथितार्थ मी असा घेतो की, व्यसनाला घरातून मिळणारा आसरा काढून घ्या. मालकाला 'ह्यांना ताप आहे' असे खोटे सांगणे, गुत्त्यावरची उधारी आईने गुपचूप फेडणे, हा सारा आसराच होय. तो काढावा, परंतु माणसाला टाकू नये. दंड बसविणे, वाळीत टाकणे ही ज्या जातपंचायतींची रीत होती, तिचे चटके आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसले. सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा, २०१६ ह्याने वाळीत टाकणे हा ३ वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा ठरविला आहे. आपल्या वाडीतून तर हा विचारही निघता कामा नये.

विहार समित्यांनी त्याऐवजी साध्या गोष्टी कराव्यात. आठवड्यातून एक तास विहाराची खोली सोडू इच्छिणाऱ्यांच्या बैठकीस द्यावी. ज्याने सोडली आहे, त्याला जयंतीच्या दिवशी व्यासपीठावर बोलवावे. ओरोसला जाणाऱ्या रोग्याबरोबर वाडीतला एक माणूस पाठवावा. आणि बरा झालेला माणूस पुन्हा घसरला, तर 'आम्ही सांगितलेच होते' असे न म्हणता त्याला पुन्हा त्याच दवाखान्याच्या दारी न्यावे. ह्या रोगात घसरण होते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात उभे राहिलेली माणसे पुष्कळ आहेत.

शील मोडले म्हणून जो विहारात यावयास लाजतो, त्याला सांगा की, उपचारासाठी टाकलेले पहिले पाऊल हे शील पुन्हा ग्रहण करण्यासारखेच आहे. हे सांगावयास जो त्याच्या दारी जाईल, त्यानेही आपले शील पाळले असे मी समजेन.

जय भीम.