उचला!

आमच्या मोरजीच्या घरात दाराआड एक काठी उभी असते. लोखंडी दांडा, खाली चपटं पातं, वर झिजलेली रबरी मूठ. येणारा-जाणारा पहिल्यांदा ती हातात घेतो आणि विचारतो, "जनावर मारूक ठेवलाय?" मी आपला "हो" म्हणून टाकतो. पटर म्हणजे काय हे सांगत बसण्यापेक्षा ते सोपं पडतं. मोरजीत साप निघतात, गोल्फ निघत नाही.

शेजारच्या इयत्ता चौथीतल्या पोराला मात्र "हो" पुरलं नाही. त्याने एवढे प्रश्न विचारले, की शेवटी मी खळ्यात एक करवंटी पुरली, ट्रंकेतून दोन पिवळे पडलेले बॉल काढले आणि त्याच्या हातात पटर दिला. तेव्हापासून रोज संध्याकाळी आमच्याकडे सामना असतो. (किनाऱ्यावर खेळा, असं एका पाहुण्याने सुचवलं होतं. पण आमच्या टेंबावरची वाळू हंगामात कासवांची असते. वनखात्याची माणसं रात्रभर अंडी राखतात. तिथं काठ्या घेऊन जाण्याचा विचारसुद्धा नको.)

आता मोरजीतला माणूस गोल्फ कुठं शिकला, असं तुम्ही विचाराल. पुण्यात. नोकरीची बहुतेक वर्षं तिथं गेली आणि कंपनीच्या कोट्यातून एका क्लबाचं सभासदत्व वाट्याला आलं. साहेबांना वेळ नव्हता म्हणून ते माझ्याकडे आलं, हे खरं. पहिले सहा महिने कॅडी लोकांनी माझं मनोरंजन फुकट पाहिलं. नंतर बॉल उडायला लागला आणि मी बिघडलो. रविवारी पहाटे साडेपाचला उठणारा नवरा, असा माझा लौकिक झाला.

गोल्फ म्हणजे बड्या लोकांनी गवतातून केलेला फेरफटका, असं आपल्याकडे समजतात. ते अगदीच खोटं नाही. पण ब्रिटनबाहेरचा सगळ्यात जुना क्लब आपल्या कलकत्त्याचा, १८२९ सालचा. १९९१ आणि १९९३ साली इंडियन ओपन जिंकणारा अली शेर दिल्लीच्या मैदानावर कॅडीगिरी करत वर आलेला. आणि टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, भारताकडून खेळलेला उदयन माने पुण्याचा. तेव्हा मराठी माणसाचं आणि या खेळाचं अगदीच वाकडं आहे, असं नाही.

टीव्हीवर दिसतो तो गोल्फ हिशेबाचा असतो. चार दिवसांचे सगळे फटके मोजायचे, ज्याचे कमी तो जिंकला. क्लबाच्या नॉकआउट स्पर्धेत असतो तो मॅचप्ले. त्याची चव वेगळी. तिथं एकूण बेरीज नाही. समोर एकच माणूस आणि प्रत्येक होल म्हणजे स्वतंत्र कुस्ती. एका होलवर तुम्हाला दहा फटके लागोत की सहा, हरला तर एकच होल हरला. पुढच्या टीवर पुन्हा लंगोट कसून उभे. तिघांनी पुढे असलात आणि दोनच होल उरले, की सामना तिथंच संपला. त्याला म्हणायचं 'तीन आणि दोन'. नवखा आणि मुरलेला यांची जोड जमावी म्हणून हँडिकॅप. माझा बावीस, समोरच्याचा चौदा, तर सगळ्यात अवघड आठ होलांवर मला एकेक फटका सवलतीचा. देवघेव चोख.

या खेळातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे 'देणं'. तुमचा बॉल होलपासून फूटभरावर आहे, आता तो जाणारच, असं समोरच्याला वाटलं तर तो म्हणतो, "उचला." तुम्ही बॉल उचलायचा आणि तो एक फटका मारून आत गेला असं धरायचं. द्यायचा की नाही, हे सर्वस्वी त्याच्या मर्जीवर. मागायची सोय नाही. आणि एकदा दिला की दिला. शब्द मागे घेता येत नाही, समोरच्याला नाकारताही येत नाही.

१९६९ साली रायडर चषकाच्या शेवटच्या सामन्यात शेवटच्या होलवर अमेरिकेच्या जॅक निकलसने आपला पट घातला आणि इंग्लंडच्या टोनी जॅकलिनचा दोन-अडीच फुटांचा पट देऊन टाकला. तो चुकला असता तर अमेरिका सरळ जिंकली असती. दिल्यामुळे सोळा-सोळा अशी बरोबरी झाली. आपल्या देशवासीयांसमोर हा गडी चुकावा, असं निकलसला वाटत नव्हतं. त्याच्याच संघातल्या काहींना ते रुचलं नाही, कप्तानाला तर नाहीच. तरी आज पन्नासहून जास्त वर्षांनी लोक त्या स्पर्धेतलं आठवतात ते एवढंच.

माझी गोष्ट एवढी थोर नाही. उलटीच आहे.

२००६ च्या हिवाळ्यात मी क्लबाच्या नॉकआउटमध्ये उपांत्य फेरीत पोचलो. कसा, ते विचारू नका. एक प्रतिस्पर्धी परगावी गेल्याने वॉकओव्हर मिळाला, दुसऱ्याची कंबर धरली. समोर आले ते कापडाचे व्यापारी, सत्तरीला टेकलेले. सगळा क्लब त्यांना काका म्हणे. मला ते 'गोवेकर' म्हणत. फटका लांब नाही, पण सरळ. देवळात प्रदक्षिणा घालावी तसे शांतपणे अठरा होल फिरायचे. आणि पट द्यायला मोठे दिलदार. दोन फुटांवर बॉल थांबला की टोपीला हात लावून म्हणायचे, "उचला, गोवेकर."

सोळा होल झाले तेव्हा बरोबरी. सतराव्यावर मला सवलतीचा फटका नव्हता. माझा पहिलाच फटका उजवीकडे झाडीत शिरला. काका पलीकडच्या अंगाला, बंकरजवळ. मी फांदीखाली वाकून बॉल मारायला गेलो. काठी फांदीला घासली, पानं पडली, बॉल जागच्या जागी! पुन्हा मारला, तो बाहेर आला. पुढचा ग्रीनवर गेला.

इथं एक नियम सांगायला हवा. बॉल मारायच्या इराद्याने काठी फिरवली आणि हवेत गेली, तरी तो फटका धरतात. म्हणजे ग्रीनवर पोचलो तेव्हा माझे चार झाले होते.

काकांनी विचारलं, "किती, गोवेकर?"

मी म्हणालो, "तीन."

खोटं बोललो का? त्या क्षणी तो रिकामा फटका माझ्या डोक्यात नव्हता, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगितलं. काकांचेही तीनच झाले होते. त्यांनी दोन पटांत आटोपलं, मीही दोन. होल बरोबरीत सुटला. अठराव्या टीवर आलो आणि माझ्या कॅडीने काठी हातात देताना खाली मान घालून हळूच विचारलं, "साहेब, तो फांदीखालचा धरला ना?"

पोटात गोळा म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. मॅचप्लेत समोरच्याला फटक्यांचा आकडा चुकीचा सांगितला आणि त्याने पुढचा फटका मारायच्या आत दुरुस्त केला नाही, तर तो होल गेला. जाणूनबुजून की नजरचुकीने, असला भेद नाही. मी तोंड उघडलं असतं तर एकाने मागे, आणि उरलेला होल एकच. नाही उघडलं तर बरोबरी.

काका टीवर उभे राहून चष्मा पुसत होते. माझ्या अंदाजाने बराच वेळ पुसत होते. मी काही बोललो नाही.

अठराव्यावर काकांना सहा लागले. माझा पाचवा फटका दोन फुटांवरून जायचा होता. त्यांनी बॉलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि टोपी काढली. "उचला." मी उचलला. एका होलने जिंकलो. हात मिळवले. कॅडीला नेहमीपेक्षा जास्त पैसे दिले. त्याने ते न मोजता खिशात टाकले आणि तो गेला. ते पैसे कशाचे, हे त्यालाही कळलं होतं आणि मलाही.

अंतिम फेरीत एका कॉलेजच्या पोराने मला 'सहा आणि पाच'ने झोपवलं. तेराव्या होलवरून घरी! देवाने न्याय केला म्हणून मला जरा हलकं वाटलं, पण ते टिकलं नाही. तीन आठवड्यांनी क्लबाच्या व्हरांड्यात काका चहा घेत बसलेले दिसले. मी खुर्ची ओढली आणि सगळं सांगून टाकलं. फांदी, पानं, चार, तीन, सगळं.

काका म्हणाले, "मला दिसलं होतं."

मी गप्प.

"पानं पडली, बॉल नाही हलला. कॅडीने तुमच्याकडे पाहिलं तेही दिसलं."

"मग तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?"

"समोरच्याची चूक सोडून द्यायची मुभा आहे की या खेळात. दोघांनी मिळून ठरवायचं नाही, एवढंच. मी सोडली." त्यांनी बशीत चहा ओतला. "मला वाटलं, अठराव्यावर जाताना सांगाल. मी थांबलोही होतो जरा."

तो चष्मा! पोऱ्याला साखर आणायला सांगून त्यांनी विषय बदलला. गोव्याला काजू काय भावाने, असं काहीतरी.

नियम त्यांनी बरोबर सांगितला होता. मी नंतर पुस्तक उघडून पाहिला. मॅचप्लेत मैदानात दोघंच असतात, तिसऱ्याचं त्यात काही अडत नाही. म्हणून समोरच्याने पाहून न पाहिल्यासारखं केलं तर चालतं. त्यांनी राग धरला असता, समितीकडे गेले असते, चार लोकांत बोलले असते, तर माझं देणं फिटलं असतं. तसं काही झालं नाही. रविवारी आम्ही पूर्वीसारखेच खेळायला लागलो, तेही चांगली चार वर्षं. फरक पडला तो एकच. त्यानंतर काकांनी माझा एकही पट दिला नाही. बॉल वीतभर अंतरावर असो, चार बोटांवर असो. दुसऱ्या कुणाचा असला तर टोपीला हात, "उचला." माझा असला की हसून म्हणायचे, "घाला, गोवेकर." मी घालायचो. वीतभरावरूनही हात थरथरतो, विश्वास ठेवा.

निवृत्त होऊन मोरजीला आलो, तेव्हा हा खेळ पुण्यातच सोडून आलो असं मला वाटलं होतं. पण तो मागोमाग आला. २०१४-१५ मध्ये आमच्या पेडण्यात गोल्फवरूनच रण पेटलं. केरीची फेरी ओलांडली की तेरेखोल, गोव्याचं उत्तरेकडचं शेवटचं गाव. तिथं मोठं हॉटेल आणि गोल्फचं मैदान करायचा घाट होता, आणि कुळं, मुंडकार, गावकरी आडवे उभे राहिले होते. प्रकरण कोर्टात गेलं. त्याच दिवसांत मावशीकडे केरीला एका कार्याला गेलो होतो. पंगतीत मावसभावाने मला गाठलं. "तू खेळतय मां ता? मगे सांग, ता चेंडू मारूक किती जमीन लागता?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. पंगतीत दोन्ही बाजूंचे लोक होते. नोकरी मिळेल म्हणणारे होते, तसे काजूची झाडं जातील म्हणणारेही. "मला नक्की ठाऊक नाही" म्हणून सुटता आलं असतं. मी म्हटलं, "अठरा होलांना शंभर-सव्वाशे एकर तरी. आणि आपल्याकडच्या उन्हात ते गवत हिरवं ठेवायचं तर पाणी रोज." पलीकडच्या पानावरच्या एका पाहुण्याने त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं. मावसभावाने "बघा, खेळणारोच सांगता" म्हणून सगळ्यांना ऐकवलं आणि वर माझ्या पानात सोलकढी ओतली. मला खेळ आवडतो, आजही. टीव्हीवर मोठी स्पर्धा असली की रात्री जागतो. पण तेरेखोलच्या त्या डोंगरावर मला तो बघायचा नव्हता. या दोन गोष्टी एका माणसात राहू शकतात, हे बायकोला पटतं, मावसभावाला अजून पटलेलं नाही.

तिकडे गोव्याच्या दुसऱ्या टोकाला, काणकोणात राजबागच्या हॉटेलात नऊ होलांचं मैदान झालं. एवढ्या लांब जाण्यात राम नाही. माझं मैदान खळ्यात. एक होल, एक करवंटी, सारवलेली जमीन. पावसाळ्यात बंद.

परवा संध्याकाळी पोराचा बॉल करवंटीपासून वीतभरावर थांबला. दिवेलागण झाली होती, पलीकडून त्याची आई जेवायला हाका मारत होती. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"आजोबा, उचलू?"

"घाल."

"वीतभरच आसा!"

"घाल म्हटलं ना."

त्याने रागाने मारला. बॉल करवंटीच्या काठाला लागून तुळशीपाशी गेला. मग त्याने मोजायला सुरुवात केली आणि तीन म्हणाला. मी चार म्हणालो. सुरुवातीला एकदा काठी नुसती जमिनीवरून फिरली होती. ती धरायची नाही, असं त्याचं म्हणणं. आमचं भांडण झालं. पटर तिथंच टाकून तो घरी गेला, आणि मला अंधारात बॉल शोधत बसावं लागलं.