पथ्याला मुदत हवी

आहारविषयक चर्चेत अलीकडे ‘चोथा’ या शब्दाला मोठी प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले आणि शहरी घरांतून ज्वारी, बाजरी, नाचणीला पुन्हा मानाचे पान मिळू लागले. हे स्वागतार्हच आहे. युगांडात दीर्घकाळ रुग्णसेवा केलेले आयरिश शल्यविशारद डेनिस बर्किट यांनी १९७०च्या दशकात पाश्चात्त्य जगाला चोथ्याचे महत्त्व सांगितले. आपल्या भाजी-भाकरीच्या ताटाने ते कोणत्याही प्रबंधाविना जपले होते.

परंतु चांगल्या गोष्टीचाही सरसकट आग्रह हिताचा नसतो. मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीपूर्वी एक ते तीन दिवस, आतड्यावरील शस्त्रक्रियेनंतर, क्रोन्ससारख्या विकाराने उचल खाल्ली असता किंवा आतड्याचा मार्ग अरुंद झाला असता डॉक्टर कमी चोथ्याचा आहार सांगतात. त्याचे कारण उघड आहे. चोथा आपल्या पाचकरसांनी पचत नाही. अरुंद मार्गात तो अडकू शकतो आणि फळांच्या बिया, साली तपासणीत दृष्टीआड येतात. अशा रुग्णापुढे ‘आपले पारंपरिक अन्न कधी बाधत नाही’ असे म्हणत भाकरी, मोडाची उसळ आणि पेरू ठेवणे हा परंपरेचा अभिमान नव्हे. ते परंपरेविषयीचे अज्ञान होय.

कारण ही दृष्टी आपल्याकडे प्राचीन काळापासून आहे. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात शोधनानंतरचा संसर्जनक्रम सांगितला आहे. प्रथम पेया, मग विलेपी, पुढे यूष आणि अखेरीस नित्याचे अन्न, असा तो क्रम. शुद्धीच्या प्रमाणानुसार त्याची मुदत तीन, पाच किंवा सात दिवसांची. आजारातून उठलेल्याला पेज, मऊ भात-तूप आणि मुगाच्या वरणाचे निवळ पाणी देणाऱ्या आपल्या आजीने ग्रंथ वाचला नसेल. त्यातील मर्म मात्र तिला ठाऊक होते. अग्नी मंद असताना अन्न हलके असावे आणि तो प्रदीप्त होताच माणसाने पुन्हा घरच्या ताटावर यावे.

आज विसर पडला आहे तो या दुसऱ्या अर्ध्या भागाचा. डॉक्टरांनी आठवड्यासाठी सांगितलेले पथ्य कित्येक घरांत महिनोन्‌महिने चालते. काही जण तर पोटात वायू धरतो म्हणून कोणालाही न विचारता भाज्या, डाळी सोडतात आणि पाव, टोस्ट, बिस्किटांवर राहतात. मोठ्या आतड्यातील उपकारक जिवाणू चोथ्यावर जगतात आणि त्यापासून आतड्याच्या अस्तराचे पोषण करणारी द्रव्ये तयार करतात. त्यांनाच उपाशी ठेवून पचन कसे सुधारणार? बद्धकोष्ठ मात्र पाठीशी लागते.

आपल्या उपवासांकडेही या दृष्टीने पाहावे. साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदाचे जवळजवळ शुद्ध पिष्ट; त्यात चोथा नाममात्र. तो कसावाही मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आठवड्यातून दोनदा साबुदाण्याची खिचडी खाऊन पोटाला विश्रांती दिल्याचे समाधान मानण्यापेक्षा राजगिरा, रताळे आणि फळे यांचा विचार का करू नये? त्याने व्रतभंग होत नाही.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने पथ्य सांगणाऱ्या वैद्याला वा डॉक्टरांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत : हे कशासाठी, किती दिवसांसाठी आणि पूर्ववत आहाराकडे कोणत्या क्रमाने यावे? शौचावाटे रक्त जात असेल किंवा वजन अकारण घटत असेल, तर घरगुती पथ्यात दिवस घालवू नयेत; तपासणी करून घ्यावी. पोट बिघडले असता मऊ भात आणि बरे होताच भाकरी, हा विवेक आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या नांदला आहे. तो पुढील पिढीच्या हाती सोपविणे हेही संस्कारांचेच काम आहे.