बेसूर पियानो आणि पिरॅमिड

परवा कॉलेजच्या ग्रुपचं गेट-टुगेदर होतं. तेच ते नेहमीचं. कोणाचं पोट सुटलंय, कोणाचे केस गेलेत, कोणाचं ईएमआय किती, हे सगळं झाल्यावर आमच्या बँडचा लीड सिंगर माझ्याजवळ येऊन बसला. हो, आमचा बँड होता! चार जण, दोन गिटार, एक उसना ड्रमसेट आणि गॅदरिंगमधली एकुलती एक वीस मिनिटं. सिंगर आता आयटीत मॅनेजर आहे, दोन मुलांचा बाप आहे आणि त्याच्याच म्हणण्यानुसार बाथरूममध्येसुद्धा गात नाही. तो हळूच म्हणाला, "काय रे, ती गॅदरिंगची कॅसेट आहे का तुझ्याकडे? मुलांना ऐकवायची होती."

मी म्हटलं, "शोधतो."

शोधणार काय, कपाळ! ती कॅसेट दुसऱ्या दिवशी ऐकली तेव्हाच मला लाज वाटली होती. दुसऱ्याच गाण्यात माझ्या गिटारची तार तुटली होती, ड्रमर पुढे आणि आम्ही मागे अशी शर्यत चालली होती आणि सिंगर वरच्या सुरात जाताना चक्क किंचाळला होता. आठवड्याभरात मी त्या कॅसेटवर रेडिओवरची हिंदी गाणी टेप केली. विषय संपला, असं तेव्हा वाटलं होतं.

त्या रात्री घरी आल्यावर झोप येईना, म्हणून हेडफोन लावले आणि एक जुना लाइव्ह अल्बम काढला. 'रॉकिंग द क्रेडल: इजिप्त १९७८'. बँड, ग्रेटफुल डेड. कॉन्सर्ट १९७८ मधली आणि अल्बम बाहेर आला २००८ मध्ये. मधली तीस वर्षं टेप्स कपाटात पडून होत्या. का? तर वाजवणाऱ्यांनाच आपलं वाजवणं पसंत पडलं नव्हतं!

ज्यांना ग्रेटफुल डेड हे नाव फक्त टी-शर्टवरच्या कवटीमुळे माहीत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात १९६५ मध्ये सुरू झालेला बँड. पुढची तीस वर्षं, म्हणजे गिटारवादक जेरी गार्सिया १९९५ मध्ये जाईपर्यंत, ही मंडळी वाजवत राहिली. दोन हजारांहून जास्त कॉन्सर्ट झाल्या आणि गंमत म्हणजे एकीसारखी दुसरी नाही. आज पाच मिनिटांचं असलेलं गाणं उद्या वीस मिनिटांचं व्हायचं. आपल्याकडे एकच राग दोन मैफलींत वेगळा लागतो ना, तसंच काहीसं. त्यामुळे यांचे फॅन्स, म्हणजे डेडहेड्स, टेपरेकॉर्डर घेऊनच यायचे. इतर बँड्स अशा माणसांना गचांडी धरून बाहेर काढत. यांनी १९८४ पासून त्यांच्यासाठी वेगळी जागाच राखून ठेवली. टेप करा, एकमेकांना द्या, फक्त विकू नका, इतकीच अट.

तर अशा या बँडच्या डोक्यात किडा वळवळला, की आपण पिरॅमिडसमोर वाजवायचं. बेस गिटार वाजवणारा फिल लेश तर या कल्पनेनं झपाटलाच होता. जगातल्या शक्तिस्थळांवर जाऊन वाजवावं, असा त्याचा फंडा. आता हा काळ बघा. इजिप्त आणि इस्रायल यांच्यात पाच वर्षांपूर्वी, १९७३ मध्ये, युद्ध झालेलं. अशा ठिकाणी कॅलिफोर्नियातल्या लांब केसांच्या टोळक्यानं जायचं, तेही गिझाच्या पिरॅमिडपाशी अ‍ॅम्प्लिफायर लावायला! पण दोन्हीकडच्या सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवून त्यांनी परवानगी मिळवली. खर्च आमचा आम्ही करू, तिकिटांचे पैसे तुमच्या पुरातत्त्व खात्याला आणि राष्ट्राध्यक्ष सादात यांच्या पत्नी जेहान सादात यांच्या समाजसेवी संस्थेला देऊ, असं ठरलं. मग खर्च भरून कसा निघणार? सोपं आहे, तिथला लाइव्ह अल्बम काढायचा! त्यासाठी चोवीस ट्रॅकवर रेकॉर्डिंग करण्याची सगळी सोय नेली होती.

तारखा ठरल्या १४, १५ आणि १६ सप्टेंबर १९७८. स्टेज स्फिंक्सच्या पायाशी, मागे अख्खा पिरॅमिड. कादंबरीकार केन केसी, बास्केटबॉलचा स्टार बिल वॉल्टन अशी दोस्तमंडळी विमानं पकडून हजर. समोर डेडहेड्स आणि कैरोची माणसं, आणि लांब वाळूच्या कडेला घोड्या-उंटांवर बसून हा काय प्रकार आहे ते बघणारे बेदुइन. म्हणजे बॅकड्रॉप जगातला सर्वांत भारी. आता फक्त चांगलं वाजवायचं बाकी होतं.

आणि तिथेच सगळं फिसकटलं.

ड्रमर बिल क्रॉइट्झमनचा हात मोडलेला. ट्रिपच्या आधी घोड्यावरून पडला होता. पठ्ठ्या एका हातानं वाजवत होता. पियानो लावून देणाऱ्या माणसानं ऐन वेळी काम सोडलं, त्यामुळे कीथ गॉडशॉच्या पियानोचे सूर पडलेले, आणि वाळवंटात दुसरा ट्यूनर शोधणार कुठे? त्यात आणखी एक अचाट आयडिया. पिरॅमिडच्या पोटात जी राजाची दालनं आहेत, तिथे आवाज सोडायचा, आतल्या दगडांवर घुमून आलेला तोच आवाज परत मिक्समध्ये घ्यायचा. पाच हजार वर्षांच्या आसपास वयाचं इको मशीन! त्यासाठी वायरी ओढल्या आणि वायरींनीच दगा दिला. ते काही जमलं नाही. शिवाय 'शेकडाउन स्ट्रीट', 'स्टॅगर ली' आणि 'आय नीड अ मिरॅकल' ही गाणी स्टेजवर येऊन तेव्हा जेमतेम दोन-तीन आठवडे झाले होते. म्हणजे क्लायंटसमोर आदल्या रात्री बनवलेलं प्रेझेंटेशन घेऊन उभं राहावं, तसं.

अमेरिकेत परतल्यावर टेप्स ऐकल्या गेल्या आणि अल्बमचा बेत बारगळला. ज्या अल्बमनं खर्च भरून निघणार होता तोच गेला. टेप्स कपाटात. नोव्हेंबर १९७८ मध्ये त्यांचा स्टुडिओत केलेला 'शेकडाउन स्ट्रीट' अल्बम आला आणि इजिप्तची ट्रिप म्हणजे बँडच्या गप्पांमधला एक महागडा किस्सा होऊन बसला.

पण इथे एक फरक आहे, बघा. त्यांनी अल्बम रद्द केला, टेप्स पुसल्या नाहीत. त्यांच्याकडे टेप्स ठेवण्यासाठी खास कोठार होतं आणि त्यात चांगलं-वाईट सगळं पडून राहायचं. तीस वर्षांनी त्याच कोठारातून दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्रीच्या टेप्स बाहेर निघाल्या आणि दोन सीडी आणि एक डीव्हीडी असा सेट झाला.

आता खरं सांगतो. पहिली सीडी लावून 'वा!' म्हणायची वाट बघत बसाल तर निराश व्हाल. काही गाणी रेंगाळतात. दोन ड्रमर असलेल्या बँडमध्ये एकाचा एक हात बंद असल्यावर जी ढिलाई येते ती कळते. याच बँडचं मे १९७७ मधलं वाजवणं ज्यांनी ऐकलंय, ते तर म्हणतील, हे काय? त्यांचं चुकत नाही. बँडचंही तेव्हा चुकलं नव्हतं. कान चांगला असलेल्या माणसाला आपली चूक ऐकू येणारच.

पण दुसरी सीडी लावा आणि पहिला ट्रॅक सुरू होऊ द्या.

गिटार नाही, ड्रम्स नाहीत. टाळ्या. नुसत्या हातांच्या टाळ्या, बारा मात्रांच्या चक्रात. त्यावर 'तार' नावाचा डफासारखा चामड्याचा गोल आणि हमझा अल-दीन यांचा शांत आवाज. सोबत न्यूबियन गायक-वादक. गाण्याचं नाव 'ओलिन अरागीद'. हे हमझा न्यूबियाचे, म्हणजे दक्षिण इजिप्त आणि सुदानच्या सीमेवरच्या नाईलकाठचे. त्यांचं तोश्का हे गाव अस्वान धरणाच्या पाण्याखाली गेलं. धरणात गेलेलं गाव म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. गाव गेलं, पण ठेका हातात राहिला. हमझा तो घेऊन जगभर फिरले आणि त्या रात्री तो पिरॅमिडसमोर वाजत होता.

मग हळूहळू डेडची मंडळी एकेक करून त्यात शिरतात. गार्सियाची गिटार टाळ्यांच्या मधल्या जागा शोधत फिरते. घाई नाही. कोण पाहुणा, कोण यजमान तेही कळेनासं होतं. आणि त्याच टाळ्यांमधून एक ओळखीची धून उगवते, 'फायर ऑन द माउंटन'.

आणि आता आपल्या मुंबईचा धागा. डेडचा दुसरा ड्रमर मिकी हार्ट हा उस्ताद अल्लारखांच्या तबल्यानं वेडा झालेला माणूस. पुढे त्याची गट्टी जमली माहीमच्या झाकीर हुसेन यांच्याशी. दोघांच्या 'दिगा ऱ्हिदम बँड'चा 'दिगा' हा अल्बम १९७६ मध्ये आला. त्यात 'हॅपिनेस इज ड्रमिंग' नावाचा तुकडा आहे. त्याच तुकड्यापासून पुढे 'फायर ऑन द माउंटन' झालं. म्हणजे तबलजींच्या संगतीत जन्मलेली धून, कॅलिफोर्नियाचा बँड, न्यूबियन टाळ्या आणि समोर पिरॅमिड. 'फ्यूजन' हा शब्द आपण हल्ली हॉटेलच्या मेन्यूवर वाचतो. ऐकायचं असेल तर हे ऐका.

त्या तिसऱ्या रात्री आकाशातही कार्यक्रम होता. १६ सप्टेंबरला खग्रास चंद्रग्रहण होतं. गिझावर चंद्र काळवंडत तांबडा झाला तेव्हा आपल्याकडे मध्यरात्रीचा सुमार होता. भाद्रपदातली पौर्णिमा. ढगांनी कृपा केली असेल तर तुमच्या-माझ्या आजीनंही तोच चंद्र पाहिला असेल आणि घरातल्या पाण्यात तुळशीपत्र टाकलं असेल. आणि दुसरीकडे, त्याच दिवसांत सादात अमेरिकेत कॅम्प डेव्हिडला इस्रायलशी तहाच्या वाटाघाटी करत बसले होते. करारावर सह्या झाल्या दुसऱ्या दिवशी, १७ सप्टेंबरला.

इतकं सगळं त्या टेपवर आहे. ग्रहण ऐकू येत नाही, मान्य. पण आपण कुठेतरी भलत्याच जागी उभे आहोत, हे वाजवणाऱ्यांना कळलंय, एवढं नक्की ऐकू येतं. तेव्हा त्यांना स्वतःच्या चुका ऐकू आल्या. तीस वर्षांनी आपल्याला ती रात्र ऐकू येते.

आणि एक गोष्ट टोचते. अल्बम बाहेर आला तेव्हा ऐकायला सगळे उरले नव्हते. बेसूर पियानोवर निभावून नेणारा कीथ १९८० मध्येच गेला. गार्सिया १९९५ मध्ये. हमझा २००६ मध्ये, फक्त दोन वर्षं आधी. पडलेल्या सुरांची लाज वाटत होती त्यांतली काही माणसं गेली आणि लाजही गेली. उरलं काय? टाळ्या.

आपण तर रोज पुसतो. दहा सेल्फी काढतो आणि नऊ उडवतो. आईनं पाठवलेला साडेतीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज फोनची जागा खातो म्हणून डिलीट करतो. व्हिडिओत आपण जाड दिसतो म्हणून, आवाज बरा नाही म्हणून, मागे पसारा आहे म्हणून उडवतो. दहा वर्षांनी कदाचित तो पसाराच बघायचा असेल. लोकांना दाखवायचं काय ते निवडा ना, डेडनंही निवडलंच. पण दाखवायचं नाही म्हणजे ठेवायचंच नाही, असं थोडंच आहे?

अल्बम संपला तेव्हा दीड वाजला होता. सकाळी ऑफिसला जाताना सिंगरला फोन लावला आणि खरं काय ते सांगून टाकलं. कॅसेट नाही, मीच पुसली, मला माझ्या गिटारची लाज वाटत होती. तो दोन सेकंद गप्प झाला.

मग म्हणाला, "जाऊ दे रे. मी पण जाम बेसूर गायलो होतो."

"हो. किंचाळला होतास."

"तेच तर ऐकवायचं होतं पोरांना."

काय बोलणार? येत्या रविवारी त्याच्या घरी जमतोय. गिटारला नव्या तारा घातल्यात. वाजवणं वाईटच होणार आहे, पण फोन रेकॉर्डिंगवर ठेवणार आहे. आणि यावेळी कुणी काही पुसायचं नाही, असं ठरलंय.

ऐकायचंच असेल तर: सुरुवात दुसऱ्या सीडीपासून करा. 'ओलिन अरागीद' आणि 'फायर ऑन द माउंटन' सलग, मध्ये न थांबता. मग रात्री उशिरा, दिवे मालवून 'स्टेला ब्लू'. पहिली सीडी रविवारी दुपारी, घर आवरताना. आणि तोंडी लावायला झाकीरभाईंचा 'दिगा'.