राखण आणि मोजणी

फराळाचे डबे अजून भरलेले, तोच आमची पुतणी तोंडवलीच्या घरून निघाली. कुठे? दोडामार्गच्या रानात, महिनाभर झाडे मोजायला! वहिनी रागावल्या, "एवढे शिकून चिखल तुडवायचा?"

पोरगी हसली. "आई, बांबर्डे गावी रानजायफळाची दलदल आहे, जेमतेम अडीच हेक्टरांची. चिखलात श्वास घेता यावा म्हणून ती झाडे मुळांचे गुडघे वर काढतात. गावाने देवराई म्हणून ती राखली; २०२१ मध्ये सरकारने तिला जैवविविधता वारसास्थळ ठरवले. आता नवी रोपे किती रुजतात, हे कोणी मोजायला नको?"

वहिनी गप्प झाल्या. देवाचा धाक ओसरला तर रान कोण राखील, हा प्रश्न त्यांनाही पडला असावा. मग चकल्यांचा डबा बांधीत म्हणाल्या, "तिथल्या म्हाताऱ्यांनाही दे हो. मोजणी तुझी, पण राखण त्यांची!"