सही नसलेलं भांडं

बँकेतल्या ३२ वर्षांपैकी निम्मी तरी माझी सह्या जुळवण्यात गेली. चेकवरची सही आणि कार्डावरची नमुना सही शेजारी धरायची. एखादं वळण वेगळं दिसलं की चेक परत. खातेदार रोजचा ओळखीचा का असेना! त्यामुळे शोजी हमादा या जपानी कुंभाराबद्दल प्रथम वाचलं तेव्हा मी थोडा चिडलोच. हा गृहस्थ आपल्या भांड्यांवर सहीच करत नसे.

हमादा (१८९४-१९७८) तोक्योत रीतसर शिकलेले. १९२० मध्ये बर्नार्ड लीच या मित्राबरोबर इंग्लंडमधल्या सेंट आइव्ह्जला जाऊन त्यांनी भट्टी उभारली. तिथे ते भांड्यावर आपला शिक्का उठवत. जपानला परतल्यावर १९२४ मध्ये ते तोक्योच्या उत्तरेला माशिकोला गेले आणि शिक्का सुटला तो कायमचाच. माशिको हे काही कलावंतांचं गाव नव्हे. १८५३ पासून तिथे पाण्याचे रांजण, चहाच्या किटल्या, अशी स्वयंपाकघरातली जाडजूड भांडी होत. हमादांनी तीच माती घेतली. गावचाच दगड कुटून पर्सिमन फळासारखी तांबूस तपकिरी झिलई केली, भाताच्या तुसांच्या राखेतून पांढरी. पळीभर झिलई एका झटक्यात ओतली की झाली नक्षी.

१९५५ मध्ये सरकारने त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला. आता सही नसलेलं भांडं विकायचं कसं? जपानात मोलाच्या भांड्याला लाकडी पेटी करतात आणि तिच्यावर कर्त्याने लिहून द्यायची रीत आहे. हमादाही पेटीवर सही करत. म्हणजे भांडं कोरं आणि पेटी बोलकी! पेटी हरवली की किमतीची घासाघीस सुरू.

माझ्यातला बँकवाला म्हणतो, बरोबरच आहे, खात्री नको का? पण खात्री कुणाला हवी असते? विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला. त्यातून चहा पिणाऱ्याला बोटांना काय लागतं एवढं पुरतं. आणि पेटी जपायची म्हणून भांडं पेटीतच राहणार असेल, तर हमादांनी ते केलं कशाला?

हे मी ठामपणे लिहितोय खरा. परवाच प्रकाशकांनी माझ्या कादंबरीच्या नव्या आवृत्तीचं मुखपृष्ठ दाखवलं. शीर्षकाच्या दुप्पट आकारात माझं नाव. ‘‘छान आहे,’’ मी म्हणालो.